अमेरिकन कॉलेजच्या संघातून खेळायचंय? आधी कॅलेंडर उघडा

शाळा संपलेली असते. अमेरिकेतल्या दोन-तीन कोचशी पत्रव्यवहार चालू असतो, पण पक्कं काहीच नसतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, वर्ष वाया कशाला घालवायचं, तोवर आपल्याच देशातल्या कॉलेजात नाव घालून ठेव. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि नेमकी तिथंच पहिली चूक होते. एनसीएए ही अमेरिकन कॉलेजांचे खेळ चालवणारी सगळ्यात मोठी संघटना. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळाडूला चार हंगाम खेळण्यासाठी पाच वर्षं मिळतात. ही पाच वर्षं अमेरिकेत पाऊल टाकल्यापासून मोजत नाहीत. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून वर्ग सुरू झाले की मोजणी सुरू. तिथं तुम्ही एकही सामना खेळला नाहीत तरीसुद्धा.

या वाटेवर खेळ कमी पडल्यामुळे मागे राहणारी मुलं असतातच, पण तारीख चुकल्यामुळे मागे राहिलेली पाहिली की जास्त वाईट वाटतं. कारण प्रवेश देणारं ऑफिस वेगळं, खेळाचे नियम सांभाळणारं ऑफिस वेगळं आणि व्हिसाचं ऑफिस वेगळं. प्रत्येकाला आपापला नियम तोंडपाठ असतो, शेजारच्या टेबलावरचा नाही. तिन्हीकडच्या तारखा एका कागदावर मांडून बघणारं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. तेव्हा हा लेख वाचताना वही जवळ असू द्या.

शाळा संपल्याची तारीख लिहून ठेवा

वहीत पहिली तारीख ही लिहा, कारण दुसरी मोजणी तिथून सुरू होते. डिव्हिजन वनचा बरीच वर्षं चालत आलेला नियम असा, की शाळा संपल्यावर बहुतेक खेळांत एक वर्षाची सवलत मिळते, टेनिसमध्ये मात्र फक्त सहा महिन्यांची. त्यानंतरही कॉलेजला न जाता अधिकृत स्पर्धा खेळत राहिलात, तर हंगाम कापला जातो. ‘दोन वर्षं सर्किटवर खेळून रँकिंग वाढवतो, मग कॉलेजचं बघतो’ हा बेत टेनिसपटूंमध्ये फार लोकप्रिय आहे आणि तो महागात पडतो. डिव्हिजन टू आणि थ्रीमध्ये पाच कॅलेंडर वर्षांऐवजी पूर्णवेळ शिकलेली दहा सत्रं मोजतात, त्यामुळे मधे खंड पडलेल्यांना तिकडे थोडी मोकळीक असते. पाच वर्षांच्या नियमावर २०२४ पासून अमेरिकेतल्या कोर्टांत खटले चालू आहेत, नियम हलते आहेत. म्हणून अर्ज कराल त्या वर्षीचा नियम एनसीएएच्या पुस्तिकेतून स्वतः वाचा. मोठ्या मित्राच्या वेळी काय होतं यावर जाऊ नका.

कॉलेजला गेलं की व्यावसायिक खेळ संपला, अशी भीती बऱ्याच जणांना असते. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं आणि मग तो व्यावसायिक टेनिसकडे वळला. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग टेक्सास विद्यापीठाचा विद्यार्थी असतानाच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला मायकेल फेल्प्सच्या पुढे राहिला.

दारं किती आहेत ते बघा

‘एनसीएए’ हे नाव सगळ्यांना माहीत असतं आणि त्यातलंही फक्त डिव्हिजन वन. प्रत्यक्षात एनसीएएची साधारण अकराशे कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये वाटलेली आहेत. वन आणि टूमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते. थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, पण गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते. थ्री म्हणजे हलकं कॉलेज असं डोक्यात असेल तर काढून टाका. एमआयटी आणि शिकागो विद्यापीठ दोन्ही डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. उलट आयव्ही लीगची आठही विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये आहेत, तरी खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत.

एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही वेगळी संघटना आहे. तिची कॉलेजं बहुतांशी लहान, नियम थोडे सैल आणि परदेशी खेळाडू भरपूर. तिसरा मार्ग एनजेसीएएचा, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांचा. खर्च कमी, प्रवेश सोपा, आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. ज्यांचे शाळेतले गुण बेताचे आहेत त्यांना मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की एनसीएएच्या हिशेबात ही दोन वर्षं आजवर मोजली गेली आहेत आणि कोर्टातला वाद बराचसा त्याच मुद्द्यावर आहे.

तुमचा खेळ तिथं कॉलेज पातळीवर आहे का, हेही आधी पाहा. क्रिकेट आणि कबड्डीला एनसीएएची स्पर्धा नाही, तेव्हा त्या जोरावर संघातली शिष्यवृत्ती शोधण्यात अर्थ नाही. स्क्वॉशच्या आंतरकॉलेज स्पर्धा आहेत, पण त्या एनसीएए नव्हे तर वेगळी संघटना चालवते.

स्वतःची पातळी त्यांच्या मापात मोजा

इथं थोडा वेळ घाला. आपण आपली कामगिरी आपल्या मापात सांगतो आणि कोचला ती कळतच नाही. मी जलतरणातला. पहिल्या पत्रात मी पन्नास मीटरच्या तलावातल्या वेळा पाठवल्या होत्या आणि जिल्हा, राज्य अशी पदकांची लांबलचक यादी जोडली होती. उत्तर एकाच कोचनं दिलं, तेही एका ओळीचं: यार्डात किती? अमेरिकन कॉलेजं पंचवीस यार्डांच्या तलावात पोहतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, शिवाय वळणं दुप्पटीहून जास्त. लांब तलावात १०० मीटर फ्रीस्टाइलला ५५ सेकंद घेणारा पोहणारा यार्डात साधारण ४८ सेकंदांच्या आसपास येतो. रूपांतराची कोष्टकं इंटरनेटवर सहज मिळतात. मूळ वेळ आणि रूपांतरित वेळ दोन्ही लिहा, कारण वळणांमध्ये कच्चा असलेला पोहणारा कोष्टकाइतका वेगानं जात नाही आणि कोचला ते ठाऊक असतं.

टेनिसमध्ये कोच आधी यूटीआर, म्हणजे जगभर चालणारं टेनिसपटूंचं रेटिंग, बघतात, नंतर बाकीचं. ॲथलेटिक्समध्ये आकडा स्वतःच बोलतो, फक्त वाऱ्याचा वेग आणि स्पर्धेचा अधिकृत निकाल जोडा. फुटबॉल, व्हॉलीबॉल, हॉकी अशा खेळांत मात्र व्हिडिओवाचून गत नाही.

आता त्या कॉलेजच्या संघाचं पान उघडा. तुलना त्यांच्या अव्वल खेळाडूशी करू नका. कॉलेज टेनिसच्या लढतीत सहा एकेरी सामने असतात, तेव्हा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्याचा यूटीआर किती ते पाहा. त्याच्या जवळपास असाल तर पत्र लिहिण्यात राम आहे. मग बघा, पुढच्या वर्षी कोण पदवी घेऊन बाहेर पडतंय. तीन बॅकस्ट्रोकवाले शेवटच्या वर्षात असतील आणि तुम्ही बॅकस्ट्रोक पोहत असाल, तर ती जागा तुमच्यासाठीच रिकामी होते आहे असं समजून लिहा. संघात आधीच परदेशी मुलं असतील तर आणखी बरं. त्या कोचला व्हिसाची भानगड नवीन नसते.

कोचला पत्र

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत कोच तुमच्याशी संपर्क साधू शकत नाहीत. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा काही खेळांचं वेळापत्रक वेगळं आहे. तुम्ही मात्र त्याआधीही लिहू शकता. उत्तर आलं नाही म्हणजे नकार मिळाला असं नाही, कदाचित नियमानं त्यांचे हात बांधलेले असतील.

पत्र दहा-बारा ओळींचं पुरे. विषयाच्या ओळीतच नाव, खेळ, प्रकार किंवा जागा, सर्वोत्तम आकडा आणि शाळा कोणत्या वर्षी संपते ते येऊ द्या. आत शिक्षणाचे गुण, कोणता विषय शिकायचाय, उंची, पुढच्या सहा महिन्यांतल्या स्पर्धा आणि व्हिडिओची लिंक. व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा, संगीताशिवाय, आणि त्यात खऱ्या सामन्याचा भाग हवाच. टेनिस असेल तर कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर ठेवा आणि हरलेले गुणही राहू द्या. फक्त विनर्स जोडलेला व्हिडिओ पाहून कोचला काही समजत नाही, उलट काहीतरी लपवताय असं वाटतं.

एकच मजकूर शंभर ठिकाणी टाकू नका. पन्नास-साठ कॉलेजं निवडा आणि प्रत्येक पत्रात त्या संघाबद्दलचं एक तरी खरं वाक्य असू द्या. आठ-दहा उत्तरं आली तरी उत्तम समजा. पत्र खेळाडूनंच लिहायचं. आई-बाबांनी लिहिलेलं पत्र कोच दुरूनच ओळखतात.

पैसे घेऊन हे सगळं करून देणाऱ्या एजन्सी आहेत. काही चांगल्याही असतील. पण तुम्हाला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर टक्केवारीनं पैसे मागणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. ठरावीक फी चालते, शिष्यवृत्तीच्या रकमेवर ठरणारी फी एनसीएएच्या नियमात बसत नाही आणि त्यात पात्रता तुमची जाते, त्यांची नाही.

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, सुरू झाल्यापासून, आणि २०२४ नंतर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाल्यापासून, कोचना एकवीस-बावीस वर्षांचा तयार खेळाडू आयता मिळतो. त्यामुळे थेट शाळेतून येणाऱ्यांच्या जागा आकसल्या आहेत. हे मन खचवायला सांगत नाही. यादीत फक्त मोठी नावं ठेवू नका एवढंच.

पैशाचं बोलणं

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर कोच विचारतीलच, की घरून वर्षाला किती भरता येईल. आकडा घरी आधीच ठरवा आणि तोच सांगा. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ ऐकायला छान वाटतं, पण अनेक खेळांत ती वाटून दिली जाते. डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिस संघाला वर्षानुवर्षं साडेचार शिष्यवृत्त्या होत्या, महिला संघाला आठ. साडेचारात आठ-नऊ खेळाडू, म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ या, खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या खटल्यातली तडजोड कोर्टानं मान्य केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत आता शिष्यवृत्त्यांवर मर्यादा नाही, संघातल्या डोक्यांवर आहे. टेनिसला दहा खेळाडू. कागदावर दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, पण तेवढे पैसे टेनिसवर घालायची तयारी किती कॉलेजांची आहे हा प्रश्न उरतोच.

म्हणून टक्केवारी विचारू नका. विचारा, की शिकवणी फी, राहणं, जेवण, पुस्तकं, आरोग्य विमा आणि सुट्टीत वसतिगृह बंद असतानाचा खर्च, यातलं काय काय कॉलेज देतं आणि माझ्या खिशातून वर्षाला नेमके किती डॉलर जातील. खेळाच्या मदतीत गुणांवरची शिष्यवृत्ती जोडता येते का, हेही विचारा. चांगल्या गुणांमुळे कोचचं बजेट वाचतं, आणि दोन सारख्या खेळाडूंमधला एक निवडताना त्याला ते बरोबर आठवतं.

तोंडी शब्दावर जाऊ नका. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही करायची असे, ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच कागद. तो एक वर्षाचा आहे की चार वर्षांचा ते आधी वाचा. कोच बदलला तर काय, दुखापत झाली तर काय, हे दोन प्रश्न सहीच्या आधी विचारायचे.

पात्रतेचे कागद

डिव्हिजन वन किंवा टूसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवावं लागतं. हे काम शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला करा, शेवटी नाही. नववीपासूनच्या गुणपत्रिका मूळ भाषेत, आणि इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतरासह लागतात. डिव्हिजन वनला सोळा मुख्य विषय हवेत: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन आणि बाकीचे पाच यांतले किंवा भाषेसारख्या मान्य विषयांतले. चित्रकला, शारीरिक शिक्षण धरत नाहीत. गुणांची सरासरी, चारच्या मापात, डिव्हिजन वनसाठी किमान २.३, टूसाठी २.२. सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएनं जानेवारी २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः ती मागू शकतं. इंग्रजीची परीक्षाही वेगळी द्यावी लागते.

सापळा असा, की शाळा वेळेत संपवावी लागते. नववीपासून चार वर्षांत जे झालं ते झालं, त्यानंतर डिव्हिजन वन एखादाच जादा विषय धरतं. स्पर्धांसाठी एक वर्ष मागे राहून नंतर परीक्षा देणाऱ्यांचं घोडं इथं अडतं.

दुसरी चौकशी हौशीपणाची. बक्षिसाची रक्कम, क्लबकडून मिळालेलं मानधन, प्रायोजकानं दिलेलं साहित्य, कुणाशी केलेला करार, सगळं विचारतात. बक्षिसाच्या पैशाचे नियम अलीकडे सैल होत आहेत, पण खर्चाच्या पावत्या जपणाऱ्याचं कधी नुकसान होत नाही. व्यावसायिक क्लब किंवा एजंटच्या कागदावर सही करण्याआधी ज्या कॉलेजशी बोलणं चालू आहे तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसला विचारा. त्यांचं कामच ते आहे.

व्हिसा आणि तो ३० दिवसांचा नियम

प्रवेश आणि पैशाची व्यवस्था दाखवली की कॉलेज आय-२० पाठवतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र. त्यावर शिष्यवृत्तीची रक्कम बरोबर लिहिली आहे ना, हे तपासा. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची फी, व्हिसाचा डीएस-१६० अर्ज, व्हिसाची फी आणि मुलाखत. मुलाखतीत कोणता विषय शिकणार आणि पैसे कुठून येणार, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. फक्त खेळाबद्दल बोलत राहू नका. हा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे.

एफ-१ व्हिसावर आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं. सॉकर, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्रीचे सराव ऑगस्टच्या सुरुवातीला लागतात, तिथपर्यंत निभतं. पण काही कोच नव्या मुलांना उन्हाळी सत्रासाठी जूनमध्येच बोलावतात. आय-२० वर ऑगस्टअखेरची तारीख असेल, तर जूनमध्ये विमानतळावरूनच परतावं लागू शकतं. कोचच्या हे लक्षात नसतं आणि परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या इंटरनॅशनल ऑफिसला कोचचं वेळापत्रक माहीत नसतं. दोघांना एकाच ईमेलवर घ्या आणि मुलाखतीची वेळ घेण्याआधी तारीख पक्की करा.

तिथं पोचल्यावर

एका सत्रात किमान बारा क्रेडिट घ्यावीच लागतात. व्हिसाला तेवढी हवीत आणि संघातून खेळायलाही. सहकारी ऑनलाइन वर्ग घेऊन प्रवासाचे दिवस सांभाळतात. त्यांचं बघून तसं करू नका, कारण एफ-१ वर पूर्णवेळेच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग धरतात. विषय निवडताना प्रयोगशाळेच्या वेळा बघा. दुपारची लॅब आणि दुपारचा सराव ही दोन डगरींवरची कसरत दुसऱ्या वर्षापासून फार जड जाते. डिव्हिजन वनमध्ये दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. विषय मधेच बदलला की हे गणित बिघडतं.

हंगामात सरावावर आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तासांची मर्यादा आहे. पण स्पर्धेचा अख्खा दिवस तीनच तास धरतात, आणि प्रवास, फिजिओ, कपडे बदलणं हे त्यात नाही. प्रत्यक्षात तीस-पस्तीस तास धरून चाला.

कमाईबद्दल फार जपा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, ज्याला एनआयएल म्हणतात, आणि जुलै २०२५ पासून काही कॉलेजं स्वतःही पैसे देतात. एनसीएएनं परवानगी दिली म्हणजे व्हिसानं दिली असं नाही. एफ-१ वर वर्ग चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवरचं काम चालतं. अमेरिकेत बसून केलेली जाहिरात, सह्यांचा कार्यक्रम, पैसे घेऊन टाकलेली पोस्ट हे विनापरवाना काम ठरू शकतं. सहीआधी इंटरनॅशनल ऑफिस आणि इमिग्रेशन वकील, दोघांनाही दाखवा. टीममेटला नवी गाडी मिळाली म्हणून जीव खाली-वर होतो, मला माहीत आहे. पण त्याला व्हिसा लागत नाही.

शिष्यवृत्तीवर कर लागतो, हे बहुतेकांना पहिल्या वर्षी धक्का बसल्यावर कळतं. शिकवणी फी आणि सक्तीच्या पुस्तकांवर नाही, पण राहण्या-जेवणाच्या भागावर लागतो. आपल्या देशाच्या अमेरिकेशी असलेल्या कर-करारात सूट नसेल तर कॉलेज त्यावर १४ टक्के कापतं. राहण्या-जेवणाचे १४,००० डॉलर मिळत असतील तर १,९६० डॉलर. तेवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरा. कमाई शून्य असली तरी कर खात्याचा फॉर्म ८८४३ भरावाच लागतो.

सट्टा नको. एनसीएए ज्या खेळांच्या स्पर्धा घेतं, त्यांतल्या व्यावसायिक सामन्यांवरही पैसे लावायला बंदी आहे, आणि प्रवेश फी भरून खेळलेली फॅन्टसी लीगही त्यातच मोडते. घरून आणलेली औषधं आणि पावडरी पहिल्याच आठवड्यात ॲथलेटिक ट्रेनरला दाखवा. तिकडे ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा नव्हे, तर दुखापती बघणारा वैद्यकीय माणूस.

त्याच्याकडे जायची वेळ येतेच कधी ना कधी. ऑपरेशन झालं, क्रचेसवर वर्गात जाणं अशक्य झालं, तर साहजिकच एखादा विषय सोडावासा वाटतो. कोच हो म्हणतील, विषयाचे प्राध्यापकही हो म्हणतील. तरी बारा क्रेडिटच्या खाली जाण्याआधी डॉक्टरांचं पत्र घेऊन इंटरनॅशनल ऑफिसात जा आणि वैद्यकीय कारणासाठी कमी विषयांची परवानगी सेव्हिसमध्ये नोंदवून घ्या. आधी विषय सोडून आठवड्यानं परवानगी मागायला गेलात, तर तोवर व्हिसाचा दर्जा गेलेला असू शकतो.